चौथीतल्या मुलीला स्वतः वाचता येतं, तरी सुट्टीत मी वाचून दाखवावं का?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला आहे. घरी आई, बायको, चौथीतली लेक आणि सीनियर केजीतला धाकटा. पोरांना नाताळची सुट्टी लागली आहे, ती नवीन वर्ष उजाडेपर्यंत. मला सुट्टी नाही, पण सध्या पहिली पाळी आहे. सकाळी सातला आत, साडेतीनला बाहेर, चार-सव्वाचारला घरी. बायको पतसंस्थेत असते, तिला यायला सात वाजतात. म्हणजे दुपार कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत आजी, मी आणि पोरं. या वेळेबद्दलच विचारायचं आहे.

मला पुस्तकांचं वेड आहे. परतीच्या बसमध्ये सगळे माफलर गुंडाळून डुलक्या घेतात, मी वाचतो. सार्वजनिक वाचनालयाचा, म्हणजे आमच्या सावानाचा, शाळेत असल्यापासूनचा सभासद आहे. हे वाचनालय 1840 सालचं, माझे आजोबाही तिथूनच पुस्तकं आणायचे. सुट्टीच्या दिवशी दोन्ही पोरांना गाडीवर बसवून टिळक पथावर जायचं, बालविभागात त्यांना हवा तेवढा वेळ द्यायचा, मग येताना गरम भजी, हे आमचं ठरलेलं आहे.

आता अडचण. लेक इंग्रजी माध्यमात शिकते. मराठी विषय शाळेत आहे, 2020 च्या कायद्यानं तो राज्यातल्या सगळ्याच शाळांना सक्तीचा झाला. पण तो धडा आणि प्रश्नोत्तरं एवढ्यापुरता. इंग्रजी गोष्टीचं पुस्तक ती एका बैठकीत संपवते. मराठी पुस्तक हातात दिलं की अडखळते. जोडाक्षर आलं की बोट ठेवून फोडत बसते. 'आश्चर्य' शब्दापाशी तर प्रत्येक वेळी गाडी थांबते, कारण त्यात 'श्च'ही आला आणि रफारही आला. वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. मग पुस्तक माझ्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, "बाबा, तू वाच ना."

मी वाचायला घेतलं की तास तास हलत नाही. मध्येच प्रश्न विचारते, आधीच्या पानावरचं लक्षात ठेवते, दुसऱ्या दिवशी आईला सगळी गोष्ट बारकाव्यांसकट सांगते. बोलायला तर अस्सल नाशकी मराठी आहे तिचं, आजीच्या म्हणी तोंडपाठ.

शाळेतल्या बाईंचं म्हणणं, चौथीतल्या मुलीला वाचून दाखवू नका, आयतं मिळालं तर ती स्वतः कशाला वाचेल? माझ्या भावाचंही तेच मत. माझी आई म्हणते, "पोरं ऐकतायत तोवर वाच रे बाबा."

परवाचं सांगतो. मटार स्वस्त झाला की आमच्याकडे एकदम पाच किलो येतो. सोलायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, पंख्याखाली पसरून कोरडा करायचा आणि पिशव्या भरून फ्रीजरमध्ये टाकायचा. हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरलं, मध्ये परात ठेवली. आई, बायको आणि लेक सोलायला. धाकटा दाणे मोजायच्या नावाखाली निम्मे खात होता. मला म्हणाले, तू वाच. वाचनालयातून एक साहसकथा आणली होती, ती काढली. गोष्टीतली पोरं अंधाऱ्या भुयारात शिरली आणि लेकीचे हात थांबले. अर्धी उघडलेली शेंग तशीच बोटात, तिच्यातून एक हिरवी अळी निघून मनगटापर्यंत चढली तरी हिला पत्ता नाही. आई ओरडली, "अगं हात चालू दे, नाहीतर रात्रीचे बारा वाजतील." बायकोसुद्धा म्हणाली, "तेवढं भुयार संपव, मग मी कुकर लावते." पाच किलोचा ढीग कधी संपला कळलं नाही. आईनं तर उद्या तुरीच्या शेंगा आणा म्हणून फर्मावलं.

मला मनापासून वाटतं की घरात याच्याइतकं चांगलं काही घडत नाही. पण बाईंचं म्हणणंही मनातून जात नाही. मराठी तिनं स्वतः वाचावी ही माझी फार इच्छा आहे. ती फक्त ऐकत राहिली आणि वाचायची राहून गेली तर? सुट्टी हाताशी आहे, संध्याकाळ मोकळी आहे. मी वाचत राहू की तिच्या हातात पुस्तक देऊन समोर बसू? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. आणि मोठ्यानं वाचायला चांगली पुस्तकं कुठली, तेही.

खडूफळा

सातपूरकर दादा, वाचत राहा. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी सगळी नोकरी पहिली ते चौथीच्या वर्गांवर झाली, आता निवृत्त आहे. त्या अनुभवावरून सांगते.

वाचताना मूल दोन कामं एका वेळी करत असतं. एक, अक्षरं सोडवायची. दोन, अर्थ लावायचा. तुमच्या लेकीचं दुसरं काम पक्कं आहे, तिची समज चौथीच्याही पुढची दिसते. पहिलं काम मराठीत कच्चं आहे, कारण सराव इंग्रजीचा झाला. तिच्या समजेला शोभेल असं पुस्तक तिला सोडवता येत नाही, आणि सोडवता येईल असं पुस्तक तिला बाळबोध वाटतं. ऐकून कळणं हे वाचून कळण्याच्या बरंच पुढे असतं, प्राथमिकच्या वयात तर हटकून. ती 'तू वाच' म्हणते ते आळसानं नाही. तिला गोष्ट हवी आहे, आणि गोष्ट मिळण्याचा मराठीतला रस्ता सध्या तुमचा आवाज आहे. तो बंद केलात तर ती इंग्रजी पुस्तकाकडे जाईल. तिथे तिला अडत नाही.

पण बसायची पद्धत बदला. समोर बसून वाचू नका, शेजारी घ्या. पुस्तक दोघांच्या मांडीवर, आणि तुमचं बोट ओळीखालून सरकत राहू द्या. बोट थांबवायचं नाही, शब्द फोडायचा नाही, नेहमीच्या वेगानं वाचायचं. डोळा आपोआप बोटामागे जातो. दोन-चार दिवस गेले की वाक्यातला शेवटचा सोपा शब्द तुम्ही गाळा आणि तिला म्हणू द्या. 'आला', 'गेली', 'म्हणाली'. मग संवाद तिला द्या. पात्राचं बोलणं तिचं, बाकीचं तुमचं. संवादात वाक्यं लहान असतात आणि बोलण्यातली असतात, त्यामुळे पुढचा शब्द तिला आधीच कळतो.

रफाराचं वेगळं सांगते, कारण इंग्रजी माध्यमाच्या पोरांना तो सगळ्यात छळतो. ज्या अक्षराच्या डोक्यावर बसलाय त्याच्या आधी म्हणायचा, एवढा एकच नियम. तो धड्यातून शिकवू नका. बाजाराची यादी तिला लिहायला सांगा. 'अर्धा किलो' हे यादीत पाच वेळा येतंच. अर्धा किलो गाजर, अर्धा किलो वाल. स्वतः लिहिलेला रफार मूल विसरत नाही.

आणि धाकट्याला तिनं वाचून दाखवायचं. मोठ्या टाइपाची, पानावर दोन ओळी असलेली चित्रांची पुस्तकं. स्वतःसाठी असलं पुस्तक घ्यायला तिला कमीपणा वाटेल, भावासाठी वाटणार नाही.

पुस्तक म्हणाल तर नाशिककरानं हा प्रश्न विचारावा याचं मला नवल वाटतं! 'श्यामची आई' तुमच्याच गावच्या तुरुंगात लिहिलं गेलं, फेब्रुवारी 1933 मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. आणि त्याची रचनाच सांगण्याची आहे. आश्रमातली मंडळी जमतात आणि श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. प्रकरणांना प्रकरण म्हटलेलंच नाही, रात्र म्हटलंय. अशा 42 रात्री. एका बैठकीला एक रात्र बरोबर पुरते.

कोथरूडकर

माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा.

माझा मुलगा सहावीत आहे. त्यालाही मी खूप वाचून दाखवायचो. पाचवीत गेल्यावर मी एक नियम केला, वाचायचं पण पूर्ण वाचायचं नाही. पात्र संकटात सापडलं की पुस्तक मिटायचं, टीपॉयवर ठेवायचं आणि सांगायचं की मला आता काम आहे, बाकीचं उद्या. पुस्तक तिथेच. पहिले काही दिवस तो चिडला, मागे लागला. मग एकदा बघतो तर पुढची दोन पानं वाचून झालेली. त्यानं मला सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी मी वाचताना तो आधीच हसत होता.

बाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे असं मला वाटतं. मुलं सोय बघतात. खडूफळा ताईंचं बोट फिरवणं उत्तम आहे, पण चौथीतल्या मुलीला कधीतरी एकटीनं पुस्तकासमोर बसावंच लागेल. ते बसणं सुट्टीत, घरात, कुणी मार्क देत नसताना होऊ दे. दिवसाला एक पान पुरे.

दुसरं, पुस्तक तिला निवडू द्या आणि विकतही तिलाच घेऊ द्या. पुण्यात 2023 पासून डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. दिवाळीत आजी-आजोबांनी दिलेले पैसे मुलानं तिथे खर्च केले. मी एकही पुस्तक सुचवलं नाही. त्यानं घेतलेलं एक पुस्तक मला अजिबात आवडलं नसतं, पण त्यानं ते दोनदा वाचलं. वाचनालयाचं पुस्तक परत द्यायचं असतं. स्वतःच्या पैशाच्या पुस्तकावर नाव घालता येतं, त्याची बातच वेगळी.

'श्यामची आई'बद्दल एक शंका. सीनियर केजीतलं पोर सोबत ऐकणार असेल तर रडारड होईल. आमच्याकडे झाली होती.

सातपूरकर

खडूफळा ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला आणि आईला दोघींना वाचून दाखवला. आई म्हणाली, "बाई माझ्यासारखंच बोलतात."

बोट फिरवून वाचायला कालपासून सुरुवात केली. लेकीनं लगेच ओळखलं. "बाबा, तू मला शिकवतोयस का?" मी म्हटलं, नाही, मला ओळ सापडत नाही, उजेड कमी आहे. थंडीत लवकर अंधारून येतं, त्यामुळे तिला पटलं. शेवटचा शब्द गाळायचं अजून केलेलं नाही. पण 'म्हणाली' हा शब्द ती आपणहून माझ्याबरोबर म्हणायला लागली आहे, एका पानावर तो इतक्या वेळा येतो.

कोथरूडकर, राग कसला! भुयाराच्या गोष्टीत तुमची युक्ती करून बघितली. आमच्याकडे उलटंच झालं. पोरगी पुस्तक घेऊन माझ्या मागे स्वयंपाकघरात आली आणि पाठीमागे उभी राहून "वाच, वाच, वाच" सुरू केलं. शेवटी आईनं मला तव्यासमोरून उठवलं आणि भाकरी स्वतः थापायला घेतली. बहुतेक तिचं वय अजून त्या युक्तीचं नाही. पण पैशाचं पटलं. मामानं दिलेले पैसे तिच्याकडे आहेत.

'श्यामची आई' घरात आहे, माझ्या वडिलांची प्रत. सगळं नाही वाचणार, निवडून घेतो. ताई, धाकट्यासमोर कुठल्या रात्री चालतील?

ओंटारिओतली आई

मी टोरांटोजवळ राहते. इथे हिवाळ्याची सुट्टी दोन आठवड्यांची, आणि डिसेंबरअखेर पावणेपाचला सूर्य मावळतो. बाहेर बर्फ, पार्कात जायची सोय नाही, मुलं घरात. तुमची मटारची संध्याकाळ वाचून गळा दाटून आला. इथे मटार सोललेलाच मिळतो, गोठवलेला, पिशवीत.

माझी मुलगी आठ वर्षांची, जन्म इथलाच. मराठी समजते, बोलते, वाचता येत नव्हतं. मी घरी बाराखडी काढून द्यायचे, ती वैतागायची. मग माझ्या बाबांनी, ते सांगलीला असतात, एक मार्ग काढला. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. बाबा तिकडे एक अंक उघडतात, लेक इकडे टॅबवर तोच अंक उघडते, तेच पान. मग व्हिडिओ कॉलवर बाबा वाचतात. हिवाळ्यात आपल्यात साडेदहा तासांचं अंतर असतं. इथले रात्रीचे साडेआठ म्हणजे सांगलीत सकाळचे सात. बाबांचा पहिला चहा आणि लेकीची झोपायची वेळ. ते स्वेटर-कानटोपीत, ही रजईत.

बाबा वाचताना मुद्दाम कुठेही बोट ठेवत नाहीत, ठेवणार कसं? पण मध्येच विचारतात, "मी कुठे आहे सांग बरं?" आणि तिनं ओळ शोधून त्या ओळीचा पहिला शब्द म्हणायचा. हा तिला खेळ वाटतो. आबा कुठेतरी हरवलेत आणि आपण त्यांना शोधतोय असं. त्यासाठी तिचे डोळे सतत पानावर असतात. आता ती जाहिराती आणि कोडीसुद्धा वाचते, तीही आधी. जुन्या अंकांत तिला काय काय सापडतं! परवा विचारलं, "आबा, टपालपेटी म्हणजे काय?" पुढचा अर्धा तास गोष्ट बाजूला राहिली आणि बाबा त्यांच्या पोस्टमनबद्दल बोलत बसले.

सातपूरकर, तुमच्या आईंना यात जरूर घ्या. त्यांना छापील वाचायला आवडत नसेल तरी सांगता खूप येत असणार.

खडूफळा

ओंटारिओतल्या ताई, 'मी कुठे आहे' हे फारच छान. शिक्षक असते तर उद्याच वर्गात केलं असतं.

दादा, धाकट्यासमोर 'पत्रावळ' घ्या आणि 'श्यामचे पोहणे' घ्या. दुसऱ्यात आई श्यामला चांगलं बदडते, पण शेवट गोड आहे आणि पोरांना भीती वाटणं ही गोष्ट नीट कळते. 'थोर अश्रू'ही चालेल, ते छोटं आहे. मृत्यू, कर्ज, घराची वाताहत असलेल्या शेवटच्या रात्री लेक मोठी झाली की तिची ती वाचेल. कोकणातले जुने शब्द येतील, तिथे थांबून अर्थ सांगत बसू नका. तिनं विचारलं तरच सांगा.

साताऱ्याचा

उशिरा लिहितोय. सुट्टीत एखादा दिवस काढून कुठे जाता आलं तर पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं भिलार. पुस्तकांचं गाव म्हणून 4 मे 2017 ला सुरू झालं. गावातल्या लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या पुस्तकांना दिल्या आहेत. एका घरात कादंबऱ्या, एका घरात कविता, एका घरात बालसाहित्य, बाहेर तशी पाटी. कुणाच्याही ओसरीवर बसा आणि वाचा, पैसे लागत नाहीत. पुस्तक घरी नेता येत नाही, तिथेच वाचायचं. थंडीत स्ट्रॉबेरीचा हंगाम असतो, ताटलीभर स्ट्रॉबेरी घेऊन उन्हात वाचत बसलेली मुलं मी स्वतः बघितली आहेत. नाशिकहून लांब पडेल, मुक्काम करूनच या. मुलांना एक गोष्ट तिथे फार लागू पडते. घरातली माणसं आपापली कामं करत असतात, मिरच्या वाळत असतात, आणि त्यातच पुस्तकांचं कपाट. पुस्तक म्हणजे शाळेतली वस्तू ही समजूत तिथे टिकत नाही.

एवढं लांब जमत नसेल तर तुमच्या नाशिकचीच गोष्ट आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम 2009 पासून चालू आहे. वाचकांचा गट जमला की पुस्तकांची पेटी वस्तीत येते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल होते. मुलांसाठीच्या पेट्याही आहेत. तुमच्या कॉलनीत चौकशी करून बघा.

आणि सोप्या पुस्तकांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. मराठी गोष्टी मोफत आहेत आणि वाचायला किती सोपं-अवघड त्याप्रमाणे पातळ्या केलेल्या आहेत. तुमची लेक भावाला वाचून दाखवणार असेल तर पहिल्या पातळीपासून सुरुवात करा.

सातपूरकर

शाळा सुरू झाली. सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं म्हणून सविस्तर लिहितो.

'पत्रावळ' वाचली. आधी मी सांगितलं की हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलंय. लेकीची आत्या जेलरोडला राहते. पोरगी उठूनच बसली. "आत्याच्या घराजवळचं जेल? तिथे त्यांना वही कुणी दिली?" मी म्हटलं, साने गुरुजी स्वातंत्र्याच्या चळवळीत होते म्हणून इंग्रजांनी आत टाकलं होतं. मग इंग्रजांवरच अर्धा तास गेला. गोष्ट सुरू व्हायला स्वयंपाकाची वेळ झाली.

श्यामला पत्रावळ लावता येत नसते, ती तो शिकतो, हे वाचून संपलं तर माझी आई म्हणाली, "त्यात काय, मी लावून दाखवते." आई त्र्यंबककडच्या खेड्यातली. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर गच्चीवर उतरत्या उन्हात तिघं बसलेली, समोर कॉलनीतल्या वडाची पानं आणि झाडूच्या हिराच्या काड्या. आई एक पान मध्ये ठेवायची, बाकीची भोवती, आणि काडी इकडून घालून तिकडून काढायची, उरलेलं टोक नखानं मोडायची. लेकीची पानं फाटत होती. काडी आडवी घालायची, शिरेच्या बाजूनं, हे आईनं तिच्या बोटाला धरून शिकवलं. संध्याकाळपर्यंत एक धड पत्रावळ झाली, वाकडी पण पाणी न गळणारी. तिच्यावर धाकट्यानं वरण-भात खाल्ला. त्यानंतर लेक पुस्तक घेऊन आली आणि पत्रावळीचा तेवढा परिच्छेद तिनं स्वतः काढून पुन्हा वाचला. हळूहळू, बोट ठेवून, पण शेवटपर्यंत. श्यामची आई कशी सांगते आणि आपली आजी कशी सांगते हे तिला ताडून बघायचं होतं. मी काही बोललो नाही. आईनं मात्र ऐकता ऐकता दोनदा "बरोबर आहे" म्हटलं.

ओंटारिओतल्या ताई, 'मी कुठे आहे' आमच्याकडे धाकट्यालाच जास्त आवडलं. त्याला वाचता येत नाही, तरी बोटानं पानावर कुठेही दाखवून "बाबा इथे आहे" म्हणतो. मग ताई त्याचं बोट धरून योग्य ओळीवर ठेवते. त्यासाठी तिला ओळ शोधावीच लागते.

यादीचं काम पक्कं झालं. 'अर्धा' आता बिनचूक येतं, 'आश्चर्य'ही येतं. 'वाङ्मय' शब्द कपाटातल्या एका पुस्तकाच्या कण्यावर आहे, त्यावर सध्या अडलं आहे. मामाच्या पैशातून तिनं भुतांच्या गोष्टींचं पुस्तक घेतलं. रोज एक पान, कोथरूडकरांनी सांगितल्याप्रमाणे. भुताच्या पानाला मी शेजारी बसायचं, पण वाचायचं नाही, अशी तिची अट आहे.

'ग्रंथ तुमच्या दारी'साठी कॉलनीत बोललो. सध्या उत्साही मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. संक्रांतीला तिळगूळ द्यायला सगळ्यांकडे जाणं होईल, तेव्हा पुन्हा विषय काढतो.

शाळेतल्या बाईंना भेटलो. त्यांना पत्रावळीचं सांगितलं तर म्हणाल्या, हे वर्गात करून दाखवायला आजींना पाठवाल का? आई नाही म्हणाली आहे, पण नवीन साडीची घडी मोडून बघत होती.

आता पुढची अडचण. सोमवारपासून माझी दुसरी पाळी. दुपारी साडेतीनला आत, रात्री बाराला बाहेर. महिनाभर पोरं मला सकाळी शाळेच्या घाईतच दिसणार. बायको सातला येते, मग स्वयंपाक आणि अभ्यास. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, बारीक टाइप तिला दिसत नाही. मी फोनवर वाचून रेकॉर्ड करून ठेवावं का? की त्यापेक्षा रविवारीच भरपूर वाचावं?

खडूफळा

दोन्ही करा. रेकॉर्डिंग करताना चार गोष्टी सांभाळा. एका वेळी एकच रात्र किंवा एकच प्रकरण, दहा-बारा मिनिटांच्या वर नको. पंखा बंद ठेवा. पुस्तक घरीच राहू दे, कंपनीत नेऊ नका, कारण ऐकताना ते लेकीसमोर उघडं हवं. पान संपलं की रेकॉर्डिंगमध्येच "आता उलट" म्हणा आणि ती उलटेपर्यंत थांबा. आणि अधूनमधून विचारा, "मी कुठे आहे?" उत्तर ऐकायला तुम्ही नसाल, पण आजी असतील.

आजींना वर्गात नक्की पाठवा. काड्या घरून न्यायला सांगा, शाळेत झाडू चांगला नसतो.